वाळक्या काडीवरचा राखणदार

फेब्रुवारीतली गोष्ट. आम्ही ॲरिझोनात मेसा शहराच्या पार पूर्व टोकाला राहतो, घराच्या मागून चालायची वाट जाते आणि तिच्या वळणावर मेस्किटचं एक जुनं झाड आहे. त्याच्या सगळ्यात वरच्या वाळक्या काडीवर हिवाळाभर रोज सकाळी एक काळा पक्षी बसलेला असायचा. डोक्यावर तुरा, डोळे लालभडक, अंगावर उन्हात चमकणारा काळा रंग, उडाला की पंखात पांढरे चट्टे दिसायचे. फायनोपेप्ला. चहाचा मग घेऊन मी निघायचे तेव्हा तो असायचाच, इतका की नसता तर चुकल्यासारखं झालं असतं. मग एका सकाळी लँडस्केपिंगवाले आले, शिडी लावली, करवत चालली, आणि झाडाच्या फांद्यांना लटकणारे बांडगुळाचे सगळे झुपके खाली पाडून ट्रकमध्ये भरून घेऊन गेले. बाकी झाडाला हात लावला नाही. वरची वाळकी काडी जशीच्या तशी होती, आजही आहे, आसपासच्या कुठल्याही झाडापेक्षा उंच. पण दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे पूर्ण वसंत गेला, मॉकिंगबर्ड येऊन बसला त्या काडीवर, होले येऊन बसले, हा नाही आला.

काडी होती, पक्षी नव्हता.

हे मला फार लागलं. जागा तर कोणी घेतली नव्हती त्याची. तीच उंची, तोच सूर्य, समोर तेच सुपरस्टिशनचे डोंगर. आपण पक्षी शेंड्यावर बसलेला बघतो तेव्हा आपल्याला वाटतं की शेंडा आवडला म्हणून बसलाय, उंचावरून छान दिसत असेल, आवाज लांब जात असेल. आणि ते खरंही आहे, वाळवंटातले बरेचसे गाणारे पक्षी उंच, उघडं टोक शोधतात, कारण खाली झुडपांत बसून गायलं तर आवाज काट्याकुट्यांत अडकतो आणि बघणाऱ्याला गाणारा दिसत नाही. पण हा पक्षी गातो तरी किती! त्याचं गाणं अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटल्यासारखं, शंभर पावलांवरून नीट ऐकूसुद्धा येत नाही. जास्त वेळा तो नुसतं ‘वर्प?’ असं काहीतरी विचारतो, शेवटी सूर जरा वर चढवून. मला तर वाटतं त्याचं खरं गाणं म्हणजे त्याचा रंगच आहे. पांढुरक्या, धुळकट, सगळं फिकट पडलेल्या त्या मुलुखात निळ्या आभाळासमोर एवढा एक काळाभोर ठिपका, अर्ध्या मैलावरूनही ‘इथे कोणीतरी आहे’ हे कळतं. दुसऱ्या नराला कळायला तेवढं पुरतं.

छाटणीच्या आधी एकदा आई फोनवर होती, व्हिडिओ कॉल, तिला मी झाड दाखवत होते. म्हणाली, ‘आगं, बांडगूळच की ते! आपल्या आंब्यावर असायचं तसलं. काढून टाकायचं ते, झाड वाळतंय त्यानं.’ आई माणदेशातली, म्हसवडच्या पलीकडची, झाड वाचवणं म्हणजे काय हे तिला मी सांगायची गरज नाही. तिचं चुकत नव्हतं. इथलं बांडगूळ दिसायला वेगळं असतं, पानं जवळजवळ नाहीतच, नुसत्या लालसर हिरव्या काड्यांचा गुंता फांदीवरून खाली लोंबत असतो, पण कामधंदा तोच, झाडाच्या फांदीत मूळ घालून पाणी ओढायचं. मेस्किटवर असतं, पालो वर्देवर असतं, आयर्नवुडवर असतं. आणि मेस्किट म्हणजे तरी परकं कुठे, आपल्याकडच्या ओढ्यांच्या काठी माजलेल्या वेड्या बाभळीच्याच घराण्यातलं, त्याच शेंगा, तसेच काटे. हिवाळ्यात त्या बांडगुळाला बारीक फुलं येतात, डोळ्यांना दिसत नाहीत धड, पण वास येतो, थंडीतल्या कोवळ्या उन्हात झाडाखालून जाताना एकदम गोड. मधमाश्या घोंघावत असतात. मग फळं धरतात, मण्याएवढी, आधी पिवळट मग नारिंगी-गुलाबी, आरपार दिसणारी. उन्हाच्या बाजूने बघितलं तर एकेका मण्यात दिवा लावल्यासारखा दिसतो.

तर फायनोपेप्लाचं सगळं हिवाळ्याचं गणित या मण्यांवर चालतं. ऑक्टोबरच्या आसपास तो वाळवंटात येतो आणि येऊन सगळ्यात आधी काय करत असेल तर बांडगूळ धरून ठेवतो. मेस्किटच्या राईत साधारण एकरभर जागा, त्यात बांडगुळाचे काही झुपके, ही त्याची हद्द. गंमत म्हणजे बांडगुळाची नर झाडं वेगळी, मादी झाडं वेगळी, फळं येणार फक्त मादी झाडांना, म्हणजे नुसते झुपके मोजून चालत नाही, कुठल्या झुपक्याला दाणे आहेत हे बघावं लागतं. फळं भरपूर असली की एक पक्षी दिवसाला अकराशेच्या वर फळं खातो असं सांगतात. माझा विश्वास बसला नसता, पण एकदा त्याला खाताना बघत बसा, अकराशे कमीच वाटतील. त्या फळात पाणी भरपूर, अन्न तसं बेताचंच, म्हणून एवढी खावी लागतात. आणि पाणीही त्यातूनच मिळतं, वाळवंटात राहून हा पक्षी पाण्यावर क्वचितच जातो. त्याच्या पोटातल्या अन्न भरडणाऱ्या पेषणीला फळाची साल सोलून वेगळी करायची सोय आहे, साली एकीकडे, गर एकीकडे. एका चिमुकल्या चिकट फळासाठी एवढी जय्यत तयारी अंगात घेऊन हिंडणारा पक्षी, त्याच्या हद्दीतून ते फळच काढून घेतलं तर तो काडीला काय करणार?

म्हणजे ती काडी पहाऱ्याची जागा होती. तिथून त्याला त्याचे सगळे झुपके दिसत होते, मॉकिंगबर्ड घुसला तर दिसत होता, शेजारचा नर दिसत होता, मधूनच हवेत उडी मारून माशी पकडता येत होती. गाणं, राखण, शिकार आणि जोडीदारणीला आपण दिसणं, चारही कामं एका टोकावरून. झुपके गेल्यावर राखायला काही उरलं नाही.

माझं बालपण जिथे गेलं तिथे मुळात शेंडेच नव्हते. माळरान. खुरटं गवत, दगड, मधे एखादी बोर, आणि मैलोन्मैल काही नाही. तिथे डोंबारी चंडोल असायचा. चिमणीपेक्षा लहान, नराचं पोट काळं, मातीत बसला तर ढेकूळ वाटेल असा. घरटं जमिनीवर, गवताच्या ठोंबाच्या किंवा ढेकळाच्या आडोशाला. त्याला गायला जागाच नाही, म्हणून तो हवेतच जागा करतो, फडफडत उंच उंच जातो, मग पंख मिटून खाली कोसळतो, मधेच सावरतो, परत वर, परत खाली, आणि कोसळताना एक लांब शीळ येते, ती ऐकू आली की आम्ही पोरं मान वर करून शोधत बसायचो. उन्हाने डोळे मिटायला लागायचे तरी. तेव्हा ते नुसतं आवडायचं. आता इथे राहून, एवढ्या वर्षांनी, मला कळतं की तो खालची दोन-चार ढेकळं आणि गवताचा तुकडा आपला आहे एवढंच आभाळात चढून सांगत होता. कच्छच्या रणापासून सहारापर्यंत उघड्यावाघड्या वाळूत राहणारे चंडोल असंच हवेत चढून गातात, झाड नाही म्हणून. इथल्या सोनोराच्या वाळवंटात मात्र टोकांना तोटा नाही, सवारो निवडुंगच तीस-चाळीस फूट उंच, वर मेस्किट, पालो वर्दे, विजेचे खांब. मग इथे निवडायचं कसं? प्रत्येक पक्षी आपापल्या अडचणीप्रमाणे निवडतो, हे इथे बघून बघून माझ्या ध्यानात आलं.

कॅक्टस रेन घ्या. १९३१ पासून ॲरिझोनाचा राज्यपक्षी, अंगाने धिप्पाड, भुवया पांढऱ्या, आणि आवाज असा खरखरीत की पहाटे खिडकीबाहेर सुरू झाला की झोप गेलीच. याला फळं राखायची नाहीत, याला घरटं राखायचंय, आणि घरटं बांधायला हवं चोया निवडुंग, ज्याच्या काट्यांना नुसतं कापड लागलं तरी तुकडा तुटून चिकटतो. त्या काट्यांच्या आत हा पक्षी गवताचं लांबट, बंद घरटं बांधतो, बाजूला तोंड आणि आत बोगदा. एक नाही, अनेक. मादी अंडी उबवत बसली की नर दुसरं बांधायला घेतो, पुढच्या विणीसाठी, नाहीतर नुसतं रात्री झोपायला. वर्षभर जोडी तिथेच. म्हणजे याच्या हद्दीत चांगले काटेरी चोया किती यावर सगळं. आणि त्यातही बारकावा आहे, तो मला फार फार आवडतो: थंडी सरता सरता बांधलेल्या घरट्यांची तोंडं गार वाऱ्याकडे पाठ करून असतात, आणि उन्हाळा तापल्यावर बांधलेल्या घरट्यांची तोंडं दुपारच्या झुळकेच्या बाजूला. रिकलेफ्स आणि हेन्सवर्थ या दोघा संशोधकांनी १९६०च्या दशकात दक्षिण ॲरिझोनातल्या टुसॉनकडची घरटी बघून हे दाखवलं होतं. त्याच चोयात, त्याच पक्ष्याने, दोन महिन्यांनी तोंड फिरवलेलं. टुसॉनच्या आसपास तांबूस पंखांची एक स्पॅरो आहे, रूफस-विंग्ड स्पॅरो, तिची जोडी वर्षभर एकाच जागी राहते, हद्द सोडत नाही, पण घरटं करायला सहसा उन्हाळी पावसाची वाट बघते. इथेही त्याला मान्सूनच म्हणतात बरं का. जुलैत पहिली सर कोसळून क्रिओसोटच्या झुडपांचा तो ओला, औषधी वास सुटला की नर झुडपाच्या टोकावर गायला लागतो. ज्यांनी जूनमध्ये ढगांकडे बघत दिवस काढलेत त्यांना हे समजावून सांगायला लागू नये.

आणि ऊन. गाताना चोच उघडावी लागते आणि उघड्या चोचीतून ओलावा जातो, छोट्या अंगाला तेही महाग. म्हणून मे-जूनमध्ये इथलं गाणं उजाडायच्या आधी सुरू होतं आणि आठ-नऊपर्यंत आटोपतं. त्यानंतर उघड्या टोकावर कोणी दिसत नाही. सगळे सावलीत, चोच उघडी, पंख अंगापासून जरा सोडलेले. म्हणजे गायचं टोक आणि दुपारची सावली दोन्ही एकाच हद्दीत असावी लागतात, नुसत्या उंच टोकाला अर्थ नाही.

परत फायनोपेप्लाकडे येते, कारण खरी गोष्ट अजून सांगायचीच आहे. त्याने फळ खाल्लं की थोड्याच वेळात बी बाहेर पडतं, चिकट, दोरीसारख्या तंतूला लटकलेलं. आणि पडतं कुठे? जिथे तो बसलाय त्याच्या खालच्या फांदीवर. टुसॉनच्या दक्षिणेला सांता रिटाच्या मेस्किटच्या राईत ऑकेमा आणि मार्तिनेस देल रिओ या संशोधकांनी हे नीट मोजलं, २००२ साली छापून आलं: उंच झाडांवर आणि आधीच बांडगूळ असलेल्या झाडांवर सगळ्यात जास्त बिया पडलेल्या. साहजिक आहे, पक्षी तिथेच बसतो. एकदा हे वाचलं आणि मग मी सॉल्ट नदीच्या काठी, जिथे ते मोकळे घोडे पाण्यात उभे असतात, तिथल्या मेस्किटच्या फांद्या जवळून बघितल्या. खरंच, त्याच्या बैठकीखाली फांदीवर बियांची माळ चिकटलेली, काही वाळलेल्या, काहींनी हिरवं टोक काढून सालीत घुसायला सुरुवात केलेली. त्यातली फार थोडी जगतात, आणि जगली तरी फळाला यायला वर्षं जातात. पण जी जगतात त्यांच्यामुळे पुढे कधीतरी एखाद्या नराला त्याच झाडावर बसावंसं वाटणार. आमच्या वळणावरचं झाड असंच भरलं असणार, कितीतरी हिवाळे, कितीतरी पक्षी, एकाच काडीवर बसून. तो ज्या हद्दीची राखण करत होता ती त्याच्या आधीच्यांनी पेरलेली होती.

आणि झाडाचं काय, हा प्रश्न माझा मला सुटत नाही. छाटणाऱ्या माणसाशी मी बोलले होते त्या दिवशी, मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातलाच होता, त्याने करवत खाली ठेवून मला एक फांदी दाखवली, बांडगुळाच्या पुढचा सगळा भाग वाळलेला. म्हणाला, दुष्काळात हे झाड दोघांना नाही पोसू शकत. आई म्हणाली तेच. झाडावर माया करणारी दोन माणसं, समुद्राच्या दोन टोकांना, एकच सांगत होती. मी आमच्या वसाहतीच्या कमिटीला पत्र लिहिलं ते एवढंच, की सगळे झुपके काढू नका, फळांचे दोन-तीन ठेवा, आणि काढायचेच असले तर फेब्रुवारीत नको, मे उजाडू द्या. कारण फेब्रुवारी ते एप्रिल फायनोपेप्लाची वीण असते, घरटं बऱ्याचदा त्याच झुपक्यात, कोळ्याच्या जाळ्याने विणलेली उथळ वाटी, बरंचसं काम नर करतो, दिवसा अंड्यांवरही बसतो. त्यांनी एका झाडापुरतं मान्य केलंय. मला ते कमी वाटतं, पण एका झाडाला मी नाही म्हणणार नाही.

मे मध्ये छाटा, असं का म्हणाले? कारण मे पर्यंत तो गेलेला असतो.

फळं संपतात, ऊन शंभर फॅरनहाइटच्या वर जातं, आणि हा पक्षी वाळवंट सोडून ओक आणि सायकामोरच्या दऱ्यांमध्ये जातो, आणि तिथे परत वीण करतो. एकाच वर्षात दोन ठिकाणी, दोन वेगळ्या मुलुखांत. बरीच वर्षं हा नुसता अंदाज होता, वाळवंटातले ते वेगळे आणि दरीतले वेगळे असतील अशीही शंका होती, मग काही पक्ष्यांच्या पाठीवर इवलेसे जीपीएस टॅग लावले आणि २०१९ मध्ये छापून आलं की वाळवंटातलेच पक्षी विणीच्या दिवसांत दऱ्यांमध्ये जातात, आणि जनुकांतही दोन वेगळे गट दिसत नाहीत. पण मला खरं चकित केलं ते दुसऱ्याच गोष्टीने. दरीत तो भांडत नाही. आम्ही जूनमध्ये मडेरा कॅनियनला गेलो होतो, ओढ्याच्या काठी, वर पानांतून येणारं हिरवं ऊन, आणि एका मोठ्या सायकामोरवर दोन-तीन काळे नर जवळजवळ बसलेले, मधे माद्या ये-जा करतायत, कोणी कोणाच्या अंगावर जात नाही. चार-चार जोड्या एकाच झाडावर घरटी करतात कधी कधी. ग्लेन वॉल्सबर्ग या संशोधकाने १९७०च्या दशकात याचा छडा लावला होता: वाळवंटात फळं एका जागी गोळा झालेली, राखता येतात आणि राखावीच लागतात, म्हणून हद्द. दरीत फळं आणि किडे इकडेतिकडे विखुरलेले, घरट्यापासून लांब, राखून उपयोग नाही, म्हणून हद्द घरट्यापुरती.

मी तिथे दगडावर बसून आजोबांचा विचार करत होते. बांधावरून सख्ख्या चुलत भावाशी त्यांचं बोलणं नव्हतं, कोर्टात तारखा चालू होत्या, विहिरीच्या पाण्याची पाळी चुकली तर कुऱ्हाड काढायची वेळ यायची. आणि आषाढात दिंडी निघाली की हेच दोघे एका पालात, एका सतरंजीवर, एकमेकांच्या पायाला तेल लावून झोपायचे. लहानपणी मला हे खोटं वाटायचं, म्हणजे दोन्हीतलं एक काहीतरी खोटं असणार असं. आता नाही वाटत. बांधाशी एकच विहीर होती, वाटेवर गावोगावी जेवण मिळत होतं. माणूस तोच होता.

हे सगळं किती दिवस राहील याची काळजी वाटते. शेजारच्या मोहावी वाळवंटात, जिथे प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि त्यांच्या माणसांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्ष्यांच्या नोंदी केल्या होत्या, तिथेच परत जाऊन मोजलं तर एकेका जागेवरच्या सरासरी ४३ टक्के जाती नाहीशा झालेल्या निघाल्या, हे २०१८ मध्ये आलं, आणि मुख्य कारण पाऊस कमी होणं. टोकं सगळी जागच्या जागी असतील तिथे, सवारो नसेल पण जोशुआ ट्री असतील, त्यांच्यावर बसणारं कमी झालं. बांडगूळही झाडाच्याच पाण्यावर जगतं. हिवाळी पाऊस आला नाही की मेस्किट आखडतं, बांडगुळाला दाणे धरत नाहीत, आणि ज्या वर्षी दाणे कमी त्या वर्षी हे पक्षीही थोडेच.

गेल्या शनिवारी सॉल्ट नदीवर गेलो होतो. झुपके बरेच सुकलेत. राईच्या कडेला एक नर मिळाला, फळांचे दोनच झुपके होते त्याच्याकडे, तेही अर्धे रिकामे, आणि एक मॉकिंगबर्ड त्याला सकाळभर दम खाऊ देत नव्हता. तो हाकलायचा, काडीवर परत यायचा, बसतो न बसतो तोवर परत उडायचा. खायला त्याला वेळ कधी मिळत होता कोण जाणे. मादी अजून आलेली दिसली नाही. एवढ्या दाण्यांवर तो फेब्रुवारीपर्यंत टिकतो का, ते तिथे जाऊनच कळेल. तेव्हा आई इथे असणार आहे, तिला घेऊन जाईन.